पहाटेच्या मिस्साला काळी दोन नको

वाचकांचे प्रश्न : चर्चमधल्या कॉयरचं गाणं

कॉयरविषयीचे, म्हणजे चर्चमधल्या गायकवृंदाविषयीचे, प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा रोख पट्टी, माइक आणि बाकांवरच्या गप्प लोकांवर आहे. तीन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण बऱ्याचदा त्या एकाच ठिकाणाहून उगवतात : कॉयर स्वतःच्या सोयीनं गातं.

आमची रविवारची सकाळी साडेसहाची मिस्सा (कॅथलिक उपासनाविधी). कॉयरमध्ये ११ जण, सगळे नियमित. गाणी बसलेली आहेत, पण लोक ध्रुवपदालासुद्धा तोंड उघडत नाहीत. तीच गाणी संध्याकाळच्या मिस्साला दुसरं कॉयर गातं तेव्हा लोक गातात. आमचं काय चुकतं? — वाचक, गिरीज

आधी पट्टी तपासा. संध्याकाळचं कॉयर बहुधा दोन-तीन पट्ट्या खाली गात असणार.

साध्या माणसाला ताण न घेता गाता येईल असा पल्ला पेटीवर दाखवायचा तर तो असा : मधल्या सप्तकाच्या खालच्या पांढरी ६ (त्या सप्तकातली सहावी पांढरी पट्टी) पासून वरच्या सप्तकातल्या पांढरी २ पर्यंत. मोजल्या तर ११ पांढऱ्या पट्ट्या होतात. हा हिशेब बायकांच्या आवाजाचा आहे. पुरुष आपोआप एक सप्तक खाली गातात, त्यामुळे त्यांनाही तो लागू पडतो. वरच्या पांढरी २ च्या पलीकडे गाणं गेलं की बाकांवरची माणसं आधी आवाज बारीक करतात आणि मग गप्प बसतात. त्यात रुसवा नसतो, घसा पोचत नसतो, एवढंच. पहाटे तर झोपेतून उठल्यावर आवाज जड असतो, वरचे सूर बंद आणि खालचे मोकळे. म्हणून साडेसहाच्या मिस्साला हा सगळा पल्ला आणखी अर्धा ते एक सूर खाली धरा.

आता एक उदाहरण. समजा गाण्याची चाल मध्य सा पासून तार ग पर्यंत जाते. गाणं बसवणाऱ्यानं आपल्या गळ्याला बरं म्हणून काळी २ चा सा धरला. मग तार ग येतो वरच्या सप्तकातल्या पांढरी ५ वर, म्हणजे सरावलेल्या सोप्रानोच्या (बायकांच्या सगळ्यात वरच्या आवाजाच्या) जागी. हाच सा खालच्या पांढरी ६ वर आणला तर तार ग वरच्या काळी १ वर येतो आणि सगळं चर्च तिथं पोचतं. फरक तीन सुरांचा आहे. कॉयरला गाणं थोडं मळकट वाटेल, पहिल्या रविवारी कुरकुरही होईल. होऊ द्या.

कामाची रीत अशी. प्रत्येक गाण्याचा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सूर पेटीवर शोधून वहीत लिहा. दोन्हींमधलं अंतर ११ पांढऱ्या पट्ट्यांत बसत असेल तर गाणं त्या चौकटीत सरकवा. बसत नसेल तर ते गाणं सगळ्यांनी गायचं नाही. कडवी एकट्यानं किंवा कॉयरनं घ्यायची आणि लोकांना फक्त ध्रुवपद द्यायचं. ध्रुवपदाची पट्टी वरच्या मर्यादेत आहे ना, एवढं पाहायचं.

कीबोर्डवर ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी सरकवण्याचं, बटण असतं. एकदा दाबलं की अर्धा सूर. त्यात दोन गफलती नेहमी होतात. पहिली, आधीच्या गाण्याचा उणे ३ तसाच राहतो आणि पुढचं गाणं भलत्याच पट्टीत सुरू होतं. गाण्याच्या कागदावर कोपऱ्यात पेन्सिलीनं पट्टी आणि ट्रान्सपोजचा आकडा दोन्ही लिहा. दुसरी, सोबत पेटी असते आणि पेटीवाल्याला बदल सांगितलेलाच नसतो. पेटी आणि कीबोर्ड मुळातच एका सुरात नसतील तर पेटीला हात लावू नका. फोनवरच्या ट्यूनरनं पेटीची पांढरी ६ किती हर्ट्झला वाजते ते पाहा आणि कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग तेवढं करा. ४४० च्या आसपास एका हर्ट्झचा फरक म्हणजे अर्ध्या सुराचा साधारण पंचविसावा भाग. दोन हर्ट्झपर्यंतचा फरक बहुतेकांना खटकत नाही, पाच-सहा हर्ट्झचा फरक मात्र सगळ्यांना बोचतो.

पट्टी बरोबर असूनही लोक आत येत नसतील तर गाण्याआधीचं वादन ऐका. कीबोर्डवाल्याला स्वतःची कलाकुसर दाखवायची ती हीच जागा वाटते. लोकांना त्यातून तीनच गोष्टी हव्या असतात : सूर, लय आणि आत कधी यायचं ते. ध्रुवपदाची शेवटची ओळ जशीच्या तशी, गाण्याच्याच लयीत वाजवा, मग सगळ्यांना श्वास घेता येईल एवढी जागा सोडा, आणि सुरू करा.

आमचं चर्च जुनं आहे, कॉयर मुख्य दाराच्या वर माडीवर. लोक गाणं फार ओढतात. आम्ही वेग वाढवला तरी ते मागेच. सहा माइक आहेत, आवाज वाढवला की शिट्टी वाजते. — वाचक, वसई

लोकांना उगाच बोल लावू नका, अंतराचा हिशेब करा. आपल्याकडच्या उष्ण हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. माडीपासून वेदीजवळची बाकं २५ मीटरवर असतील तर तुमचा आवाज तिथं पोचायला सेकंदाचे ७ शतांश लागतात. ते लोक तो ऐकून अगदी वेळेवर गातात, आणि त्यांचा आवाज तुमच्यापर्यंत यायला तेवढाच वेळ पुन्हा लागतो. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत एक मात्रा ६ दशांश सेकंदाची. म्हणजे तुम्हाला ते मात्रेच्या जवळजवळ चौथ्या भागानं मागे ऐकू येतात, काहीही चूक न करता. मग कॉयर त्यांच्यासाठी थांबतं, ते तुमच्यासाठी थांबतात आणि चौथ्या कडव्यापर्यंत गाणं चिखलातून चालल्यासारखं होतं.

स्पीकर वेदीपाशी असतील तर आणखी एक गंमत होते. तारेतून आवाज लगेच पुढं जातो, त्यामुळे पुढच्या लोकांना तो वेळेवर मिळतो. पण तुमचाच आवाज तुम्हाला स्पीकरमधून उशिरा परत येतो. त्याच्यावर विसंबलात तर पुन्हा तेच.

उपाय कानांपेक्षा डोळ्यांचा. माडीवरच्या कॉयरनं हात दाखवणाऱ्याकडे पाहून गायचं, खालून येणारा आवाज लयीसाठी ऐकायचाच नाही. कीबोर्डवाल्याची पाठ वेदीकडे असेल तर वाद्यावर एक आरसा बसवा. जुने ऑर्गनवादक हेच करत आले आहेत. त्यातून फादर वेदीवर कुठपर्यंत आले आहेत तेही कळतं. डाव्या हातातला खर्ज ठसठशीत ठेवा, लांबवर लय पोचते ती त्यानं. आणि जमत असेल तर फादरांशी बोलून कॉयर खाली, पुढच्या बाजूला, लोकांच्या शेजारी आणा. कॉयर हा जमलेल्या समुदायाचाच भाग आहे हे दिसेल अशी त्याची जागा असावी, असंच मिस्साच्या सर्वसाधारण नियमावलीत म्हटलं आहे. माडी जुनी आणि देखणी असली तरी.

माइकविषयी. चालू माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी वाजण्याआधी मिळणारा आवाज ३ डेसिबलनं घटतो. सहा चालू असतील तर आधी तीन बंद करा. हातात धरायचे माइक कॉयरमध्ये फिरवले की ज्याच्या तोंडाशी माइक तोच गायक आणि बाकीचे मूकपट. दोन माइक स्टँडवर, गाणाऱ्यांपासून साधारण हात-दीड हात दूर ठेवा. दोन माइकांमधलं अंतर हे तोंड ते माइक या अंतराच्या निदान तिप्पट हवं, नाहीतर एकच आवाज दोन्हींत शिरून पोकळ, डब्यातल्यासारखा होतो. कीबोर्डच्या स्पीकरचं तोंड माइककडे नको.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. लोकांनी गायचं तेव्हा मुख्य गायकानं माइकपासून मागे सरकायचं. प्रतिसाद स्तोत्रात प्रतिसाद एकदा नीट गाऊन दाखवायचा, हात वर करून लोकांना आत घ्यायचं आणि स्वतः एक पाऊल मागे. स्पीकरमधून एकच मोठा आवाज येत राहिला तर शेजारचा गातोय की नाही हे माणसाला ऐकू येत नाही, आणि एकटं पडायच्या भीतीनं तोही थांबतो.

पुण्यशुक्रवारी (गुड फ्रायडेला) आम्ही वाद्यांशिवाय गातो. पाच कडव्यांच्या गाण्यात शेवटी मोबाइलवर पाहिलं तर पूर्ण एक सूर खाली आलो होतो. सराव करूनही तेच. आणि त्या दिवशी वाद्यं अजिबात चालत नाहीत का? — वाचक, नंदाखाल

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. आज्ञागुरुवारच्या (आदल्या दिवशीच्या) ग्लोरिया या स्तुतिगीतापासून इस्टरच्या जागरणविधीतल्या ग्लोरियापर्यंत वाद्यं फक्त गाण्याला आधार म्हणून वापरता येतात. नुसतं वादन नाही. म्हणजे सूर देण्यापुरती पेटी चालते. पूर्णपणे वाद्यांशिवाय गाण्याची प्रथा अनेक धर्मग्रामांत आहे आणि ती सुंदर आहे, पण सक्तीची नाही.

सूर उतरतो तो सगळ्या गाण्यात सारखा नाही उतरत, ठरावीक ओळींत उतरतो. प्रत्येक कडव्यानंतर ट्यूनर पाहण्यापेक्षा प्रत्येक ओळीनंतर पाहा, जागा सापडेल. तीन ठिकाणी ती हमखास असते. एक, जिथं एकच सूर पाच-सहा अक्षरांवर परत परत येतो. दरवेळी तो केसभर खाली बसतो. तिथं प्रत्येक अक्षर आधीच्यापेक्षा किंचित वर आहे असं मनात धरून गायचं. दोन, उतरत्या चालीत. खाली येताना पायऱ्या मोठ्या पडतात, वर जाताना लहान, आणि ग आणि नी नेहमीच आळशी राहतात. तीन, ओळीच्या शेवटी, जिथं श्वास संपलेला असतो.

सराव कीबोर्डवर करत असाल तर तो थांबवा. कीबोर्ड चूक झाकतो, पुण्यशुक्रवारी तो नसतो आणि चूक तेवढी उरते. त्याऐवजी तानपुऱ्याचं ॲप लावा : सा-प, आणि चालीत पंचम नसेल तर सा-म. अडलेली एकच ओळ त्यावर दहा वेळा घ्या. शिवाय गाणं अर्धा सूर वरून सुरू करून पाहा. विचित्र वाटेल, पण पुष्कळदा आवाज फुटण्याची जागा त्यामुळं सरकते आणि उतरणं थांबतं. पुस्तिकेत मान घालून गाणंही सोडा, पहिल्या दोन ओळी पाठ असू द्या. लय फार संथ असेल तर थोडी उचला, शोक म्हणजे रेंगाळणं नव्हे.

सगळं करूनही सगळे मिळून अर्धा सूर उतरलात तर कुणाला कळणार नाही. गोंधळ होतो तो अर्धे उतरतात आणि अर्धे नाही उतरत तेव्हा.

आम्ही १४ जण : ९ मुली-बायका, ५ पुरुष. नाताळसाठी चार आवाजांत गायचं आहे. ऑल्टो (बायकांचा खालचा आवाज) दर वेळी सोप्रानोच्या चालीवर घसरतात. १३ वर्षांच्या एका मुलाचा आवाज फुटलाय, त्याला कुठं उभं करायचं? — वाचक, नालासोपारा

चार आवाज नका करू. पाच पुरुषांत दोन टेनर (वरचा आवाज) आणि तीन बास (खालचा) केले की एकाला सर्दी झाली तरी गाणं लंगडं. तीन आवाज करा : सोप्रानो ५, ऑल्टो ४ आणि पाचही पुरुष एकाच ओळीवर. ती ओळ वर सांगितलेल्या पल्ल्यात, म्हणजे बायकांपेक्षा एक सप्तक खाली राहील अशी बेता. तीन आवाज खणखणीत लागले तर कुणी चौथा विचारत नाही. चार आवाज लटपटले तर सगळ्यांच्या लक्षात राहतं, आणि तेही नाताळच्या रात्री.

आवाज कुणाचा कोणता हे ठरवताना सगळ्यात वरचा सूर कोण काढतं ते पाहू नका. दहा मिनिटं सलग कुठल्या भागात गाऊन आवाज दमत नाही ते पाहा. आणि सूर वाचता येतात, चटकन शिकतात म्हणून चांगल्या सोप्रानोंना ऑल्टोत ढकलण्याची चाल असते. त्यांना ती ओळ येते, पण खालचा आवाज ऐकूच येत नाही.

ऑल्टो घसरतात कारण त्यांना चाल आधी शिकवलेली असते. त्यांना चाल न ऐकवता त्यांची ओळ आधी शिकवा, जणू तेच गाणं आहे. ती पाठ झाल्यावर मग सोप्रानो आणा. उभं करताना ऑल्टोंना पुरुषांच्या शेजारी ठेवा, सोप्रानोंच्या पुढं नको. सोप्रानोंचा आवाज मागून थेट कानात येतो. प्रत्येक आवाजाची ओळ वेगळी फोनवर रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर टाका, पण त्या फाईलमध्ये आधी दोन मात्रा मोजलेल्या असू द्या. नाहीतर घरी सराव केलेले सगळे वेगवेगळ्या ठिकाणी आत येतात.

स्टाफ नोटेशन येत नसेल तर सरगम लिहा. जुन्या पुस्तकांत डो-रे-मीची अक्षरं दिसतात, ती जॉन कर्वेन या इंग्लिश धर्मोपदेशकानं १९व्या शतकात रूढ केलेली पद्धत. तिच्यातला डो आपल्या सा सारखाच फिरता आहे, कुठल्याही पट्टीवर बसतो. म्हणून डो च्या जागी सा लिहिलं की काम झालं. (गोव्यात पॅरिशच्या शाळांत मेस्त्र मुलांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवत. मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदांत गोवेकर एवढे का होते, त्याचं उत्तर बरंचसं तिथं आहे.)

मुलाला बाहेर काढू नका आणि त्याला वरचे सूर गायलाही लावू नका. सध्या त्याचे पाच-सहा सूर भरवशाचे असतील. पुरुषांच्या ओळीतल्या तेवढ्याच जागा त्याला द्या, बाकी ठिकाणी त्यानं गप्प उभं राहायचं. दर महिन्याला पल्ला पुन्हा तपासा, तो सरकत जातो.

आमच्या मंडळीत ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली गीतं गातात, काही इंग्रजी चालींवर, काही भजनी. तरुणांना भजनांनाही हार्मनी हवी आहे. आणि इंग्रजी चालीवर मराठी शब्द नीट बसत नाहीत, ते का? — वाचक, अहिल्यानगर

शब्द बसत नाहीत कारण इंग्रजी चाल आघातावर चालते आणि मराठी ओळ ऱ्हस्व-दीर्घावर. ‘दया कर’ घ्या. द ऱ्हस्व, या दीर्घ. चालीचा पहिला लांब सूर द वर आला की ‘दाऽया’ होतं आणि अर्थ वाहून जातो. अशा ठिकाणी द आधीच्या अर्ध्या मात्रेत टाकायचा आणि ‘या’ ठोक्यावर घ्यायचा. चालीत एक सूर वाढतो, पण कुणाचं बिघडत नाही. ‘प्रभू’ची गतही तीच : प्र वर रेंगाळू नका, भू वर थांबा.

शब्दांचे शेवटही सगळ्यांचे वेगळे पडतात. लांबवलेल्या सुरावर ‘देव’ आलं की कुणी ‘देव्’ म्हणतं, कुणी ‘देवा’. ‘दे’वरच सूर धरून ठेवायचा आणि हात बंद होताना सगळ्यांनी मिळून हलका व सोडायचा. ‘माझा’मधला झ आणि ‘माझी’मधला झ वेगळे आहेत. इंग्रजी शाळेत शिकलेली मुलं दोन्हीकडे एकच झ लावतात, आणि माइकवर ते फार उघडं पडतं.

हार्मनीचं सांगायचं तर चाल शुद्ध स्वरांची असेल, आरोह-अवरोहात ओढाताण नसेल, तर मधला एक स्वर सोडून दुसरा आवाज चालतो : सा ला ग, रे ला म, ग ला प. पण भैरवासारख्या चालीत कोमल रे च्या शेजारी शुद्ध ग येतो. तिथं ही शिडी लावली की कधी तिसरा स्वर लहान पडतो, कधी मोठा, आणि रागाचा चेहरा पुसला जातो. अशा भजनाला दुसरा आवाज हवाच असेल तर त्याला चालीमागे धावायला लावू नका. खालच्या आवाजांनी सा किंवा प लांब धरावा, तानपुऱ्यासारखा, आणि ओळीच्या शेवटी चालीला येऊन मिळावं. तेवढ्यानं भजन भरतं.

ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ मध्ये ते गेले. मधल्या वर्षांत त्यांनी ख्रिस्ती भक्ती अभंग आणि ओवीत आणली ती इंग्रजी चालींत मराठी माणूस मोकळा होत नाही हे ओळखून. त्या रचनांना टाळ-मृदंग आणि एकसूर जमाव हीच हार्मनी आहे, असं आमचं मत. तरुण मंडळी रागावतील, त्यांना इंग्रजी चालींची गीतं चार आवाजांत द्या.

प्रायश्चित्तकाळात (इस्टरआधीच्या उपवासकाळात) ढोलकी-तबला बंद करायचा का? आणि ग्लोरिया लांब आहे म्हणून एरवी आम्ही त्याऐवजी ‘गौरव असो’ असं छोटं गाणं घेतो, ते चालतं का? — वाचक, पापडी

प्रायश्चित्तकाळात वाद्यं फक्त गाण्याच्या आधारासाठी. चौथा रविवार आणि मोठे सण याला अपवाद. म्हणजे अर्पणविधीच्या वेळी नुसती बासरी किंवा कीबोर्ड नाही. तबल्यावर स्पष्ट बंदी नाही, साधा ठेका म्हणजे आधारच. पण लग्ग्या आणि तिहायांची सजावट इस्टरसाठी राखून ठेवा. आलेलुया राखेच्या बुधवारपासून, म्हणजे या काळाच्या पहिल्या दिवसापासून, अजिबात नाही. १९ मार्चचा संत योसेफचा आणि २५ मार्चचा देवदूताच्या निरोपाचा सण या काळात आला तर ग्लोरिया असतो, आलेलुया तरीही नसतो. इथं भले भले चुकतात.

इस्टरच्या जागरणविधीत आलेलुया तीनदा, दर वेळी वरच्या पट्टीत गातात. एकेक सूर चढवला तर तिसरा पहिल्यापेक्षा दोन सूर वर जातो. म्हणून पहिला मुद्दाम खालून घ्या, तिसऱ्याचा वरचा स्वर आधी ठरवून मग उलटं मोजा.

ग्लोरियाच्या जागी दुसरं गाणं चालत नाही. त्याचे शब्द बदलू नयेत असं नियमावलीत स्पष्ट आहे. लांब वाटत असेल तर कॉयर आणि लोक एकेक ओळ वाटून घ्या. नाहीच जमलं तर सगळ्यांनी मिळून तो म्हणावा. म्हटलेला पूर्ण ग्लोरिया गायलेल्या अर्ध्यापेक्षा बरा.

कम्युनियनला (लोक ख्रिस्तप्रसाद घेतात तेव्हा) गाणी कमी पडतात किंवा उरतात. — वाचक, सांडोर

गाणं फादर स्वतः ख्रिस्तशरीर स्वीकारतात तेव्हाच सुरू व्हायला हवं, लोक रांगेत आल्यावर नाही. दोन रविवार घड्याळ लावून मोजा. समजा ४०० जण, ४ रांगा आणि एका रांगेत मिनिटाला १२ जण पुढं सरकतात. मग साधारण साडेआठ मिनिटं लागतील. कडवं आणि ध्रुवपद मिळून ५० सेकंद असतील तर चार कडव्यांचं गाणं साडेतीन मिनिटांत संपतं. म्हणून दोन गाणी आणि मध्ये मिनिटभर शांतता. पहिलं गाणं लोकांच्या तोंडी असलेल्या ध्रुवपदाचं घ्या, कारण रांगेत हातात पुस्तक नसतं. कॉयरनं स्वतः कधी जायचं ते आधी ठरवा : अर्धे पहिल्या गाण्याच्या वेळी, उरलेले शांततेत. अर्पणविधीला उलट असतं. दानं वेदीवर ठेवून झाली आणि फादर थांबलेत हे दिसलं की दोन कडवी उरली असली तरी ध्रुवपदावर संपवा.

गाणी झेरॉक्स करून वाटणं आणि मिस्साचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, यात कायद्याची अडचण येते का? — वाचक, पुणे

खऱ्या धार्मिक विधीत गाणं गायला भारतीय कॉपीराइट कायद्यात मोकळीक आहे, त्यासाठी परवानगी लागत नाही. पण पुस्तक झेरॉक्स करून वाटणं आणि व्हिडिओ कायमचा ऑनलाइन ठेवणं या त्यापलीकडच्या गोष्टी आहेत. तिथं हयात कवी-संगीतकारांची किंवा अलीकडे गेलेल्यांच्या हक्कदारांची परवानगी घ्या. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. टिळकांचे शब्द केव्हाच मोकळे झाले आहेत, पण त्यांना अलीकडे कुणी नवी चाल लावली असेल तर त्या चालीचा हक्क वेगळा.

सकाळी गाण्याआधी घसा मोकळा व्हावा म्हणून आलं घातलेला चहा घेतला तर उपवास मोडतो का? — वाचक, निर्मळ

कम्युनियनच्या आधी एक तास खाणं-पिणं नको, मात्र पाणी आणि औषध चालतं. तास मोजायचा तो कम्युनियनपासून, मिस्सा सुरू होण्यापासून नाही. साडेसहाची मिस्सा असेल आणि कम्युनियन सात-दहाच्या सुमारास येत असेल तर सहा-दहाच्या आत चहा उरका. त्यानंतर फक्त कोमट पाणी, घोट घोट. खडीसाखर आणि खोकल्याची गोड गोळी यांत फरक आहे : गोळी औषध, खडीसाखर खाऊ. घशाला खरा आराम तसाही चहानं मिळत नाही. सहा वाजता येऊन पाच मिनिटं तोंड मिटून ‘म’वर खालच्या पाच सुरांत वर-खाली करा, मग पाच मिनिटं ‘ऊ’वर. थेट पहिल्या गाण्यानं आवाज उघडू नका.